स्पर्शातला डीएनए टिपताना: स्वॅब कुठे फिरवायचा, कसा फिरवायचा, कसा जपायचा

घरफोडी झालेल्या गोदामात रक्त सहसा नसतं आणि बोटांचे ठसेही पुष्कळदा पुसट निघतात. हाती लागतं ते तुटलेलं कुलूप, वाकवलेली कडी, कोपऱ्यात टाकलेली पहार, उचकटलेला गल्ला आणि कधी पळताना पायातून निसटलेली चप्पल. या प्रत्येक वस्तूला कोणाचा तरी हात किंवा पाय लागलेला असतो. त्वचेच्या पेशी, घाम, चेहऱ्याला हात लावल्यामुळे बोटांवर आलेली लाळ यांचा अंश तिथे उरतो. नुसत्या स्पर्शातून उरलेल्या या अंशावरूनही माणसाचा डीएनए आलेख, म्हणजे त्याची ओळख पटवणारी डीएनएची नक्षी, मिळू शकतो, हे ऑस्ट्रेलियातल्या व्हॅन ऊर्सचॉट आणि जोन्स या संशोधकांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं. तेव्हापासून जगभरच्या तपासात हा पुरावा रुळला.

हा लेख घटनास्थळी जाणारे नवे फॉरेन्सिक कर्मचारी, या विषयाचे विद्यार्थी आणि मुद्देमाल हाताळणारे पोलीस अंमलदार यांच्यासाठी आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आणि त्याचं चित्रीकरण करायचं आहे. ही व्यवस्था उभी करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. म्हणजे हे काम करणारे हात झपाट्याने वाढणार आहेत. स्पर्शाचा अंश मात्र एकदाच टिपता येतो. चुकीचा पुसला तर तीच जागा पुन्हा पुसून काही मिळत नाही.

आधी थोडा हिशोब. माणसाच्या एका पेशीत साधारण ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो. नेहमीच्या एसटीआर चाचणीला (डीएनएत पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे मोजून ओळख पटवणारी चाचणी) अर्धा ते एक नॅनोग्रॅम मिळाला तर आलेख चांगला उमटतो. एक नॅनोग्रॅम म्हणजे सुमारे दीडशे पेशी. आकडा छोटा वाटतो, पण त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातून झडणाऱ्या पेशींमध्ये डीएनए असतो ते केंद्रकच शिल्लक नसतं. त्यामुळे स्पर्शातून मिळणाऱ्या डीएनएचा बराचसा भाग पेशीबाहेरचा, घामातून आणि त्वचेवरच्या स्निग्ध थरातून आलेला असतो. तो अदृश्य असतो, थोडा असतो आणि टिपण्यापासून चाचणीपर्यंतच्या प्रत्येक पायरीवर त्यातला काही गळतो.

मालकाचा हात पडत नाही ती जागा शोधा

समजा, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतलं एक गोदाम रात्री फोडलं आहे. पेटी उघडून लगेच स्वॅब (टोकाला फाया असलेली, नमुना टिपायची काडी) काढू नका. हात मागे बांधून उभे राहा आणि चोराने काय काय केलं असेल ते क्रमाने मनात उतरवा. शोधायची ती जागा अशी, जिथे मालकाचा, हमालाचा, कारकुनाचा हात एरवी पडत नाही आणि चोराचा पडल्याशिवाय राहिला नसेल.

शटरची मूठ रोज चारजण धरतात. तिथला स्वॅब घेतला तर चार-पाच जणांचं मिश्रण मिळेल आणि त्यातून काहीच निष्पन्न होणार नाही. पण शटर पहारीने वाकवून, खालून हात घालून वर उचललं असेल, तर त्या वाकलेल्या पट्टीची आतली कड कामाची आहे. गल्ल्याचं तेच. मालक बाहेरची मूठ धरून ड्रॉवर ओढतो. चोराने तो उचकटला असेल तर फटीत बोटं घालून ओढला असणार, म्हणून ड्रॉवरच्या वरच्या कडेची आतली बाजू पुसायची. चोरून नेऊन पुढे टाकून दिलेल्या मोटारसायकलच्या दोन्ही मुठींवर मालकाचा अंश साचलेला असतोच. वायर जोडण्यासाठी ओढून काढलेलं कव्हर आणि तोडलेल्या वायरींचं आवरण इथे मालकाने सहसा कधी हात लावलेला नसतो.

याच निकषावर काही जागा सरळ सोडून द्या. एसटीचा दांडा, बँकेचा काउंटर, महाद्वार रोडवरच्या गर्दीच्या दुकानातलं काचेचं दार यांवरून मिळणारा आलेख वाचण्यासारखा असण्याची शक्यता फार कमी. प्रयोगशाळेत नमुने रांगेत असतात. एका गुन्ह्यातले तीस कमकुवत स्वॅब पाठवण्यापेक्षा नीट निवडलेले चार पाठवले तर प्रयोगशाळेचं आणि तपासाचं दोघांचंही भलं होतं.

ठसेतज्ज्ञांशी बोलणंही याच टप्प्यावर. एखाद्या ठिकाणी रेषा स्पष्ट दिसत असतील तर ती जागा त्यांची. घसटलेला, रेषा न वाचता येणारा ठसा दिसला तर तिथे पावडर मारण्याआधी स्वॅब घ्या. पावडरीचा तोच ब्रश एका घटनास्थळावरून दुसऱ्यावर गेला की त्याच्या केसांबरोबर आधीचा डीएनएही जातो. त्यामुळे एकदाच वापरायचे ब्रश नसतील तर क्रम आणखी काटेकोरपणे पाळायला हवा. वस्तूवर रक्तही असेल तर रक्त नसलेला, धरलेला भाग आधी टिपा आणि रक्ताचा स्वॅब वेगळा घ्या. दोन्ही एकाच फायावर आले की कोणता आलेख रक्ताचा आणि कोणता हाताचा हे पुढे कोणीही सांगू शकत नाही.

पेटीत काय असावं

स्वॅब मुख्यतः दोन प्रकारचे मिळतात. एक कापसाचा, दुसरा नायलॉनच्या उभ्या तंतूंचा. हा दुसरा कोविडच्या काळात नाकातून नमुना घेताना सगळ्यांनी पाहिला आहे. कापूस पाणी भरपूर धरतो, पण जे पकडलं ते सहज सोडत नाही. डीएनएचा काही भाग त्याच्या धाग्यांत अडकूनच राहतो. नायलॉनचे तंतू पकडलेलं मोकळेपणी सोडतात, पण पाणी कमी धरतात आणि खडबडीत जागेवर विस्कटतात. काच, प्लॅस्टिक, रंगवलेला पत्रा अशा गुळगुळीत जागेला नायलॉन आणि खरखरीत जागेला घट्ट वळलेला कापूस, अशी विभागणी मला योग्य वाटते. मात्र तुमची प्रयोगशाळा कोणत्या स्वॅबवर काम करते हे आधी विचारून घ्या, कारण डीएनए वेगळा काढण्याची त्यांची पद्धत त्याच स्वॅबवर बसवलेली असते. काडी प्लॅस्टिकची हवी. लाकडी काडीतून पीसीआर (प्रयोगशाळेत डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया) रोखणारे घटक उतरू शकतात. औषधाच्या दुकानात जंतुचाचणीसाठी मिळणारे जेली किंवा कोळसा भरलेल्या नळीतले स्वॅब या कामाला अजिबात वापरायचे नाहीत.

पाकिटावर ‘निर्जंतुक’ लिहिलेलं पुरेसं नाही. निर्जंतुक करताना जंतू मरतात, पण डीएनए शिल्लक राहू शकतो. जर्मनीत हे फार महागात पडलं. हाइलब्रॉन शहरात २००७ साली एका पोलीस महिलेचा खून झाला. तिथे मिळालेला एका अनोळखी स्त्रीचा डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या कित्येक वेगवेगळ्या गुन्ह्यांत सापडत होता. अनेक वर्षं त्या स्त्रीचा शोध चालला. २००९ मध्ये उघड झालं की तो डीएनए स्वॅब तयार करण्याच्या कामातल्या एका स्त्रीचा होता आणि तो कापसाबरोबरच घटनास्थळी पोचत होता. पुढे २०१६ साली आयएसओ १८३८५ हे मानक आलं. गुन्हे तपासासाठी लागणारं साहित्य मानवी डीएनएपासून कसं मुक्त ठेवायचं हा त्याचा विषय. खरेदी करताना या मानकाचा उल्लेख पाहा आणि प्रत्येक पाकिटाचा लॉट क्रमांक टिपून ठेवा.

ओलं करायला डीएनएमुक्त शुद्ध पाण्याच्या एकदाच वापरायच्या कुप्या घ्या. मोठी बाटली उघडून दहा ठिकाणी वापरू नका. काही प्रयोगशाळा पाण्याऐवजी सौम्य डिटर्जंटचं द्रावण देतात. त्वचेचा स्निग्ध थर सुटायला त्याची मदत होते, पण ते प्रयोगशाळेने दिलं असेल तरच वापरा.

बाकी साहित्यात हातमोजे, मास्क आणि टोपी. मास्क तुमच्यासाठी नाही, वस्तूसाठी आहे. वस्तूवर वाकून बोललं की लाळेचे सूक्ष्म तुषार तिच्यावर पडतात, आणि लाळेत स्पर्शापेक्षा कितीतरी जास्त डीएनए असतो. पंचांनाही मास्क द्या आणि वस्तूपासून दूर उभं करा. मोज्यांचे दोन थर घाला आणि वरचा थर प्रत्येक नमुन्यानंतर बदला. मोजा घालून मोबाइल, पेन, पेटीची कडी, स्वतःचा चष्मा यांना हात लावला की तो मोजा बाद. चिमटा आणि कात्री प्रत्येक वापरानंतर ताज्या पातळ ब्लीचने (एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी) पुसा. काही मिनिटं थांबून शुद्ध पाण्याने आणि मग स्पिरिटने पुसून कोरडं करा. ब्लीच डीएनए मोडतं, म्हणून ते वस्तूच्या आसपासही आणू नका.

स्वॅब फिरवण्याची कृती

ओला आणि त्यामागोमाग कोरडा, ही दोन स्वॅबची पद्धत १९९७ साली स्वीट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्वचेवरची लाळ टिपण्यासाठी मांडली. आज स्पर्शाच्या अंशासाठीही ती सर्रास वापरली जाते. ओला स्वॅब वाळलेला अंश भिजवून सोडवतो, कोरडा स्वॅब मागे राहिलेलं पाणी आणि त्यात विरघळलेलं उचलतो.

पहिल्यांदा जागेचा फोटो काढा, मोजपट्टी ठेवून. पुसायचा भाग तळहातापेक्षा मोठा नको. मोठी जागा एका फायावर पुसली की दोन-तीन माणसांचे अंश एकत्र येतात.

नवे मोजे घालून स्वॅब उघडा. टोकाच्या बाजूवर पाण्याचा एकच थेंब सोडा, म्हणजे साधारण ५० मायक्रोलिटर. फाया ओलसर हवा, ठिबकता नको. वस्तूवर थेट पाणी टाकलं तर ते ओघळतं आणि अंश पसरवतं.

स्वॅब तिरका धरा आणि काडी बोटांत सतत फिरवत राहा, म्हणजे फायाची सगळी बाजू जागेला लागते. न फिरवता पुसलं तर फायाची एकच बाजू भरते आणि तिने उचललेलंच ती पुन्हा मागे सोडते. आधी आडवे, जवळजवळ ओढलेले पट्टे आणि मग त्याच जागेवर उभे. दाब ठाम हवा. नवशिके हमखास हलक्या हाताने पुसतात, वस्तू खराब होईल या भीतीने. पण स्निग्ध थराला चिकटलेला अंश हलक्या हाताने सुटत नाही. खाच, खोबण, स्क्रूचं डोकं, प्लॅस्टिकची दातेरी पकड इथे फायाचं टोक खुपसून फिरवा. अंश अशा जागी साचतो आणि घासलाही कमी जातो.

लगेच दुसरा कोरडा स्वॅब त्याच जागेवर, तसाच, पाणी वाळायच्या आत. दोन्ही स्वॅब मिळून एकच नमुना, म्हणून ३-अ, ३-ब असे क्रमांक द्या. नायलॉनचा स्वॅब आणि गुळगुळीत काच असेल तर दुसऱ्याने फारशी भर पडत नाही. खडबडीत जागेवर तो टाळू नका.

मग कोरा नमुना: त्याच लॉटचा स्वॅब, त्याच कुपीतलं पाणी, फक्त कशालाही न लावता वाळवलेला. साहित्य स्वच्छ होतं याचा हा पुरावा आहे. हाइलब्रॉनसारखा घोटाळा वर्षानुवर्षं न चालता याच नमुन्यात पकडला जाऊ शकतो. धरलेल्या जागेच्या शेजारच्या, न धरलेल्या भागाचाही एक स्वॅब घेता आला तर घ्या.

हाताचा सराव घरी करता येतो. जुन्या फरशीवर पिवळ्या हायलायटरचा पट्टा ओढा, पूर्ण वाळू द्या, वरच्या पद्धतीने पुसा आणि नोटा तपासायच्या अतिनील टॉर्चखाली पाहा. कुठे राहिलं, कुठे पसरलं, दाब कुठे कमी पडला, सगळं चमकून दिसतं. मग तोच सराव लाकडावर, रबरावर, चामड्यावर करा.

वस्तूगणिक पद्धत बदलते

कोल्हापुरी चप्पल इथल्या तपासात कधी ना कधी येणारच. अंगठा, पट्टा आणि टाच टेकते तो तळ हे तिन्ही भाग वेगवेगळे टिपा. ही चप्पल घालणाऱ्याचा अंश सर्वांत जास्त तिथे बसतो, कारण घाम आणि घर्षण रोज तिथेच होतं. अडचण चामड्याची आहे. परंपरागत कोल्हापुरी चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं असतं. त्यातले टॅनिन पाण्यात उतरतात आणि पीसीआर रोखतात. त्यामुळे फाया नेहमीपेक्षाही कमी ओला करा आणि पाकिटावर ‘वनस्पतीने कमावलेलं चामडं’ असं स्पष्ट लिहा. प्रयोगशाळेला आधी कळलं तर नमुना जादा शुद्ध करून किंवा पातळ करून त्यावर उपाय करता येतो. नाही कळलं तर अहवाल ‘डीएनए आढळला नाही’ असा येण्याचा धोका राहतो.

इचलकरंजीच्या मागावरचं कापड असो की गांधीनगरच्या बाजारातला शर्ट, कापडावर ओला स्वॅब पहिला पर्याय नाही. पाणी अंश धाग्यांत आणखी खोल ढकलतं. इथे चिकटपट्टी वापरा, फॉरेन्सिक कामासाठीची. ती एकाच भागावर पुन्हा पुन्हा दाबा, चिकटपणा संपेपर्यंत. घालणारा कोण हे हवं असेल तर कॉलरची आणि बाहीच्या टोकाची आतली बाजू. कोणी धरून ओढलं हे हवं असेल तर बाहेरची बाजू, ओढलेल्या जागी. निळ्या जीन्सचा इंडिगो रंगही पीसीआरला अडथळा करतो, तोही नोंदवा.

पितळी कुलूप आणि काडतुसाच्या रिकाम्या पुंगळ्या या सर्वांत हट्टी वस्तू. पितळेतलं तांबं घामाच्या ओलाव्यात डीएनएची मोडतोड करतं. कुलूप सापडल्याबरोबर टिपा, दिवस जाऊ देऊ नका. पुंगळी मात्र घटनास्थळी पुसू नका. कोरड्या कागदी डबीत, एकमेकींना न घासता, तशीच प्रयोगशाळेत पाठवा. तिथे ती विशिष्ट द्रावणात बुडवून धुतली की पुसण्यापेक्षा जास्त मिळण्याची शक्यता असते.

कोयत्याची मूठ, कुदळीचा दांडा अशा जुन्या लाकडावर ज्याची वस्तू त्याचा अंश मुरलेला असतो. तरीही टिपा, पण मालकाचा तुलना नमुना घेतल्याशिवाय निकालाला अर्थ येणार नाही. मोबाइलची कड आणि बटणं एक नमुना, बोलण्याच्या छिद्राभोवतीचा भाग दुसरा. हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा नेहमी टिपा, काच नंतर.

पावसाळा आणि ओला फाया

ओल्या फायात बुरशी आणि जिवाणू वाढतात आणि तेच डीएनए खातात. कोल्हापूरचा जुलै म्हणजे भिंतीलाही ओल येते. गगनबावडा, राधानगरीकडच्या पोलीस ठाण्यात तर स्वॅब टेबलावर ठेवून वाळेल ही आशाच नको. छिद्रं असलेली स्वॅबची खोकी वापरा आणि ती सिलिका जेलबरोबर हवाबंद डब्यात ठेवा. फाया बाजूच्या कशालाही टेकता कामा नये. उन्हात ठेवू नका, हेअर ड्रायर लावू नका, पंख्याखाली ठेवू नका, फुंकर मारू नका. ऊन डीएनए मोडतं, वारा दुसऱ्याचा आणून टाकतो. पूर्ण वाळल्यावर कागदी लिफाफ्यात घाला. ओला फाया प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केला तर घेतलेली सगळी मेहनत वाया जाते. वाळवायची सोयच नसेल तर उणे २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवणं हा मार्ग आहे, पण मग प्रयोगशाळेपर्यंतच्या प्रवासात तो वितळता कामा नये.

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर चिखलात सापडलेल्या वस्तूंसारख्या भिजलेल्या मुद्देमालाची आशा एकदम सोडू नका. वाहत्या पाण्याने उघडा भाग धुतला जातो, पण शिवण, खाच, मुठीच्या आतला भाग यांत काही उरू शकतं. अशी वस्तू आधी सावलीत वाळवा आणि मग स्वॅब की चिकटपट्टी ते ठरवा.

नोंद आणि रवानगी

सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये डीएनए नमुन्यांच्या हाताळणीबद्दल देशभरासाठी निर्देश दिले. गुन्हा नोंद क्रमांक, तारीख, कलम, तपास अधिकारी आणि पोलीस ठाणं यांची माहिती नमुन्यावर हवी. घेताना हजर असलेल्यांच्या सह्या हव्यात. नमुना घेतल्यापासून ४८ तासांत प्रयोगशाळेकडे पोचला पाहिजे, उशीर झाला तर कारण केस डायरीत लिहायचं. खटला चालू असताना न्यायालयाच्या परवानगीशिवाय पाकीट उघडायचं नाही. आणि नमुना कोणाकडून कोणाकडे गेला याची नोंदवही शेवटच्या निकालापर्यंत ठेवायची. कोल्हापुरात प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा असल्यामुळे अंतर ही सबब इथे फारशी चालणार नाही. पण कोणता नमुना कुठल्या प्रयोगशाळेत जाईल हे निघण्याआधी फोन करून विचारा.

लिफाफ्यावर ‘कुलपाचा स्वॅब’ एवढंच लिहू नका. ‘तुटलेलं पितळी कुलूप, मागची बाजू, ओला व कोरडा स्वॅब, कापसाचा, लॉट क्रमांक अमुक, वेळ अमुक’ असं लिहा. जोड चिकटवून त्यावर सही आणि लाखेचं सील.

तुलना नमुने याच पाकिटांबरोबर गेले पाहिजेत. गोदामाचा मालक, कारकून, हमाल यांच्या संमतीने गालाच्या आतल्या बाजूचे स्वॅब घ्या. घटनास्थळी वावरलेल्या पोलिसांचे आणि तुमचा स्वतःचाही. आरोपीचा नमुना कायद्याने ठरवलेल्या पद्धतीने, नोंदणीकृत डॉक्टरकडूनच.

मागणीपत्रात प्रश्न नेमका विचारा. ‘डीएनए तपासावा’ हे पुरेसं नाही. ‘ड्रॉवरच्या आतल्या कडेवरच्या नमुन्यात मालक आणि कारकून सोडून आणखी कोणाचा अंश आहे का’ असं विचारा. आलेख मिळाला तरी तो कोणाचा एवढंच कळतं. तो तिथे कसा पोचला हे त्यातून कळत नाही. कॅलिफोर्नियात २०१२ साली एका खुनाच्या प्रकरणात मृताच्या नखांवर एका माणसाचा डीएनए सापडला आणि त्याला महिनोन्महिने तुरुंगात राहावं लागलं. प्रत्यक्षात खुनाच्या वेळी तो रुग्णालयात दाखल होता. त्याच दिवशी त्याला हाताळलेले रुग्णवाहिकेचे कर्मचारी नंतर खुनाच्या ठिकाणी गेले होते आणि त्यांच्यामार्फत त्याचा अंश तिथे गेला. म्हणून पंचनाम्यात वस्तू कुठे, कोणत्या स्थितीत, कोणत्या बाजूला वळलेली होती हे लिहा. तुमच्या आधी तिला कोणाकोणाचा हात लागला तेही लिहा: पहाटे दार उघडणारा वॉचमन, मालाची मोजणी करणारा कारकून, पहिल्यांदा पोचलेला अंमलदार. या नावांपुढे वेळ टाका आणि त्यांनी मोजे घातले होते की नाही हेही नोंदवा.